‘सोनेरी शिरस्त्राण घातलेला पुरुष’ हे चित्र रेम्ब्रँटचे नसेल, तर मग कोणाचे?

वाटसरू_पुणे

बर्लिनच्या गेमेल्डेगालेरी या संग्रहालयात ‘सोनेरी शिरस्त्राण घातलेला पुरुष’ या नावाने ओळखले जाणारे एक चित्र आहे. अंधारी पार्श्वभूमी, मिशा असलेला आणि नजर खाली झुकवलेला एक वृद्ध योद्धा, छातीशी चिलखताचा पुसट भाग आणि डोक्यावर उठावाची नक्षी असलेले, तुरा खोचलेले शिरस्त्राण, एवढाच त्याचा विषय आहे. चित्र आकाराने मोठे नाही, उंची ६७.५ सेंटिमीटर आणि रुंदी ५०.७ सेंटिमीटर. तरीही त्या दालनात शिरल्यावर नजर प्रथम त्या शिरस्त्राणावरच जाते.

माझ्याकडे असलेल्या पाश्चात्त्य कलेवरील एका जुन्या पुस्तकात हे चित्र सतराव्या शतकातील डच चित्रकार रेम्ब्रँटच्या प्रौढ काळातील श्रेष्ठ कृती म्हणून छापलेले आहे. संग्रहालयातील पाटीवर मात्र ते रेम्ब्रँटच्या परिघातील चित्रकाराचे असल्याचे म्हटले आहे आणि दुसरे कोणतेही नाव दिलेले नाही. हा निर्णय कोणी आणि कशाच्या आधारे घेतला? प्रयोगशाळेतील तपासणीत काही निर्णायक सापडले, की जाणकारांच्या नजरेने हे ठरवले? आणि ते रेम्ब्रँटचे नाही असे इतक्या ठामपणे म्हणता येत असेल, तर ते कोणाचे आहे हे का सांगता येऊ नये? या विषयाचा ज्यांचा अभ्यास आहे त्यांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

जुना_पारखी

आपल्या मधल्या प्रश्नाचे थोडक्यात उत्तर असे की निर्णय नजरेने झाला आणि प्रयोगशाळेने त्याला विरोध केला नाही. मात्र या थोडक्या उत्तरामुळे गैरसमज होण्याचा संभव असल्याने जरा मागे जाऊन सांगतो.

हे चित्र १८९७ साली बर्लिनमध्ये आले. विल्हेल्म बोडे हे त्या काळातील अत्यंत प्रभावी संग्रहालय-संचालक होते आणि संग्रहालयासाठी खासगी देणग्यांतून चित्रे विकत घेता यावीत म्हणून त्यांनी एक मंडळ स्थापन केले होते. त्या मंडळाच्या अगदी सुरुवातीच्या खरेद्यांपैकी ही एक होय. चित्राची मालकी आजही त्या मंडळाकडेच आहे. एकोणिसाव्या शतकाचा शेवट हा रेम्ब्रँटच्या चित्रांची संख्या झपाट्याने वाढत जाण्याचा काळ होता. बोडे आणि डच कला-इतिहासकार हॉफस्टेड द ख्रोट, ब्रेडियस ही सगळी मंडळी युरोपभरच्या वाड्यांतून आणि व्यापाऱ्यांकडून ‘नवे’ रेम्ब्रँट शोधून काढत होती. १९३५ साली ब्रेडियस यांनी केलेल्या सूचीत सहाशेहून अधिक चित्रे होती. १९६८च्या सुमारास होर्स्ट गेरसन यांनी ती संख्या ४२०पर्यंत खाली आणली, तेव्हा मोठी खळबळ उडाली. बर्लिनच्या योद्ध्याची कथा या ओहोटीचाच भाग आहे, ती सुटी घटना नव्हे.

१९६८ सालीच आम्स्टरडॅममध्ये काही डच अभ्यासकांनी एकत्र येऊन ‘रेम्ब्रँट संशोधन प्रकल्प’ सुरू केला. प्रत्येक चित्र प्रत्यक्ष पाहायचे, क्ष-किरण छायाचित्रे, कापड आणि लाकूड यांची तपासणी करायची आणि मगच मत द्यायचे, अशी त्यांची रीत होती. बर्लिनच्या चित्राविषयी शंका या वर्तुळात आधीपासून होत्या. १९८५ साली संग्रहालयाचे क्युरेटर यान केल्च यांनी हे चित्र रेम्ब्रँटच्या हातचे नसल्याचे जाहीर केले. पुढच्या वर्षी संग्रहालयाने राटगेन प्रयोगशाळा आणि हान-माइटनर ही अणुसंशोधन संस्था यांच्या सहकार्याने केलेल्या तपासणीची पुस्तिकाही काढली. म्हणजे आपल्याच संग्रहातील सर्वांत लोकप्रिय चित्राचे श्रेय संग्रहालयाने स्वतः काढून घेतले. ही गोष्ट जितकी दुर्मिळ तितकीच आदराची आहे, असे मला वाटते.

आता आधाराकडे येऊ. चित्रासमोर उभे राहिल्यावर दोन गोष्टी खटकायला हव्यात. पहिली म्हणजे शिरस्त्राणावरचा रंग. तो इतका जाड लावलेला आहे की नक्षी रंगवली आहे, त्यापेक्षा ती रंगातच घडवली आहे असे म्हणणे योग्य ठरेल. रेम्ब्रँट जाड रंग लावत असे हे खरे, पण तो त्याचा उपयोग प्रकाश कुठे पडावा आणि पाहणाऱ्याचे लक्ष कुठे थांबावे यासाठी करी; वस्तूचा उंचवटा रंगाच्या उंचवट्याने जसाच्या तसा उभा करणे ही त्याची सवय नव्हती. दुसरी गोष्ट म्हणजे चेहरा. शिरस्त्राणाच्या तुलनेत तो सपाट, पातळ रंगात उरकलेला आणि सावलीत ढकललेला आहे. १६५०च्या आसपासच्या रेम्ब्रँटने रंगवलेले वृद्धांचे चेहरे आठवून पाहावेत: पापण्यांच्या कडा, गालावरची सैल त्वचा, कपाळावरचे ओझरते प्रकाशबिंदू. तिथे सगळा चित्रव्यवहार चेहऱ्यासाठी चाललेला असतो. इथे चेहरा शिरस्त्राणासाठी आहे. हा अग्रक्रम दुसऱ्या कोणाचा तरी आहे, असा केल्च यांच्या आणि इतरांच्या युक्तिवादाचा गाभा होता.

एक गोष्ट मुद्दाम सांगायला हवी. हे चित्र बनावट नाही. फसवण्याच्या हेतूने नंतरच्या काळात केलेली ही नक्कल आहे, असे कोणीही जबाबदार अभ्यासक म्हणत नाही. ते सतराव्या शतकाच्या मध्यावरचे, रेम्ब्रँटला अत्यंत जवळून पाहिलेल्या चित्रकाराचे अस्सल काम आहे.

अणुरेणू

मी पदार्थविज्ञानाचा विद्यार्थी असल्यामुळे हान-माइटनर संस्थेच्या सहभागाविषयी थोडे लिहितो, कारण ‘अणुभट्टीत चित्र तपासले’ एवढेच वाचून लोकांच्या मनात भलतेच चित्र उभे राहते.

या तंत्रात चित्र संशोधनासाठीच्या अणुभट्टीतून येणाऱ्या न्यूट्रॉनच्या मंद झोतात काही तास ठेवतात. रंगातील अणूंपैकी अत्यंत अल्प अंश त्यामुळे किरणोत्सारी बनतो आणि आपापल्या गतीने विझत जातो. या विझण्याच्या गतीतच सगळी किमया आहे. मँगॅनीजचा अर्धायुकाल (किरणोत्सार निम्म्यावर यायला लागणारा काळ) सुमारे अडीच तासांचा, तांब्याचा तेरा तासांच्या जवळपास, आर्सेनिकचा साधारण एका दिवसाहून थोडा अधिक, फॉस्फरसचा दोन आठवड्यांचा आणि पाऱ्याचा दीड महिन्याचा. म्हणून चित्रावर एकामागून एक फिल्म ठेवत गेले, तर पहिल्या काही तासांतल्या फिल्मवर मँगॅनीज असलेला अंबर हा तपकिरी मातीचा रंग दिसतो, नंतरच्या फिल्मवर तांबेयुक्त निळे-हिरवे रंग, पुढे आर्सेनिकमुळे स्माल्ट हा काचेचा निळा रंग, आठवड्यांनंतर फॉस्फरसमुळे हाडांच्या कोळशाचा काळा आणि पाऱ्यामुळे हिंगुळाचा लाल. चित्राला इजा होत नाही आणि उरलेला किरणोत्सार काही काळाने नगण्य होतो. ही पद्धत १९६०च्या दशकात अमेरिकेतील ब्रुकहेवन प्रयोगशाळेत आकाराला आली आणि नंतर न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने रेम्ब्रँटच्या चित्रांसाठी तिचा मोठा उपयोग केला.

क्ष-किरणांत प्रामुख्याने शिसे दिसते, म्हणजे पांढऱ्या रंगाने उजळलेले भाग. न्यूट्रॉनच्या तपासणीत शिसे जवळजवळ अदृश्य राहते आणि नेमके क्ष-किरणांना न दिसणारे काळे-तपकिरी रेखाटन वर येते. रेम्ब्रँटसारख्या अंधारातून चित्र उभे करणाऱ्या चित्रकाराच्या अभ्यासात ही जोडगोळी म्हणूनच मोलाची ठरते: हात आधी कुठे ठेवला होता, तुरा नंतर वाढवला का, पार्श्वभूमी केव्हा भरली, असे टप्पे उलगडतात.

पण या सगळ्यातून मिळते ती चित्र घडण्याची प्रक्रिया आणि वापरलेले साहित्य. आम्स्टरडॅमच्या रंगविक्रेत्याकडून गुरूही तोच अंबर घेत होता आणि शिष्यही. विसाव्या शतकात निघालेला एखादा रंग सापडला असता, तर बनावटगिरी उघड झाली असती. पण सतराव्या शतकातील दोन माणसांत निवड करायला अणुभट्टीचा उपयोग फार मर्यादित असतो. ‘विज्ञानाने सिद्ध केले की हे रेम्ब्रँटचे नाही’ असे वाक्य वृत्तपत्रांत सहज छापले जाते. भौतिकशास्त्राच्या बाजूने मी त्यावर सही करणार नाही.

वाटसरू_पुणे

दोन्ही प्रतिसादांबद्दल मनःपूर्वक आभार. आता माझा तिसरा प्रश्न अधिकच टोकदार झाला आहे. साहित्य त्याच शहरातले, काळ तोच, शैलीही जवळची. मग रेम्ब्रँटच्या शिष्यांची नावे माहीत असताना त्यांपैकी एकावर बोट ठेवणे इतके अवघड का व्हावे? आणि हा योद्धा म्हणजे रेम्ब्रँटचा भाऊ, असे माझ्या पुस्तकात लिहिले आहे; त्याचे काय?

दीर्घिका

याचे उत्तर रेम्ब्रँटची चित्रशाळा कशी चाले, त्यात आहे आणि ते समजून घेतल्याशिवाय ‘रेम्ब्रँटचे की दुसऱ्याचे’ हा प्रश्नच काहीसा चुकीच्या चौकटीत मांडला जातो.

रेम्ब्रँटकडे शिकायला येणारी मुले नवशिकी नसत. बहुतेकांनी दुसरीकडे प्राथमिक शिक्षण घेतलेले असे आणि ते वर्षाला शंभर गिल्डर शुल्क भरून गुरूची पद्धत आत्मसात करायला येत. योआखिम फोन सांड्रार्ट हा जर्मन चित्रकार काही वर्षे आम्स्टरडॅममध्ये राहिलेला होता. त्याने १६७५ साली छापलेल्या ग्रंथात लिहून ठेवले आहे की शुल्काखेरीज शिष्यांच्या कामाच्या विक्रीतूनच रेम्ब्रँटला वर्षाकाठी दोन ते अडीच हजार गिल्डर मिळत. शिष्याने शिकत असताना केलेले काम गुरूने विकावे, हा त्या काळच्या व्यवसायाचा मान्य नियम होता. त्यात लबाडी नव्हती. १६५६ साली दिवाळखोरीमुळे रेम्ब्रँटच्या घरातील वस्तूंची यादी झाली, तीत रेम्ब्रँटने ‘हात फिरवलेली’ चित्रे अशा नोंदी आढळतात. अर्थात एकाच कॅनव्हासवर दोन हात असणे ही त्या घरात नित्याची बाब होती. त्याच यादीत शिरस्त्राणे, चिलखते, शस्त्रे आणि रोमन सम्राटांचे अर्धपुतळेही आहेत. चित्रशाळेत हे सामान पडलेले असे आणि ज्याला हवे तो ते चित्रासाठी बसलेल्या एखाद्या वृद्धाच्या अंगावर चढवून रंगवू शके.

भावाच्या कथेविषयीही इथेच सांगते. तोच वृद्ध चेहरा त्या वर्तुळातील आणखी काही चित्रांत दिसतो, त्यावरून तो रेम्ब्रँटचा भाऊ आड्रियान असावा असा तर्क जुन्या अभ्यासकांनी केला. आड्रियान लायडनला राहत असे आणि १६५२ साली वारला. या ओळखीला कागदोपत्री आधार काहीही नाही. डच चित्रकलेत ‘ट्रोनी’ नावाचा एक स्वतंत्र प्रकार होता: अमुक एका व्यक्तीचे नव्हे, तर एखाद्या प्रकारच्या माणसाचे शीर्षचित्र. वृद्ध सैनिक, पौर्वात्य सरदार, चिंतनमग्न म्हातारी असे विषय त्यात येत. बर्लिनचे चित्र याच जातीचे आहे. काहींनी त्यात युद्धदेव मार्स पाहिला आहे आणि खाली झुकलेल्या नजरेमुळे तो तर्क मला आकर्षक वाटतो, पण ट्रोनीला नाव देण्याची सक्ती नाही.

आता शिष्यांच्या नावांकडे वळू. १६५०च्या आगेमागे त्या चित्रशाळेत विलेम ड्रोस्ट होता, निकोलास मास होता, कॉन्स्टान्टाइन फान रेनेस होता, रेम्ब्रँटचा नातेवाईक कारेल फान डर प्लाउम होता आणि त्याहून कितीतरी अधिक असे होते ज्यांचे एकही सहीचे चित्र उरलेले नाही. एखाद्या चित्रावर शिष्याचे नाव लावायचे, तर त्याच शिष्याचे, त्याच वर्षांतले, निर्विवाद काम तुलनेसाठी हवे. ड्रोस्टच्या बाबतीत पॅरिसच्या लूव्र संग्रहालयातले १६५४चे ‘बाथशेबा’ आहे, म्हणून काही बोलता येते. पण शिष्य बाहेर पडून स्वतंत्र झाला की त्याची शैली बदलते. मासची उत्तरायुष्यातील झुळझुळीत व्यक्तिचित्रे पाहून हा कधीकाळी रेम्ब्रँटकडे होता हे कोणाला पटणार नाही. म्हणजे ज्या काळात तो गुरूसारखा रंगवत होता, त्या काळात तो ‘स्वतःसारखा’ रंगवत नव्हता. तुलना करायची तरी कशाशी?

हेमान डुलार्ट या रॉटरडॅमच्या शिष्याचे उदाहरण या संदर्भात फार बोलके आहे. तो पुढे कवी म्हणून प्रसिद्ध झाला. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला डच चित्रकारांची चरित्रे लिहिणाऱ्या आर्नॉल्ड हाउब्राकेनने नोंदवले आहे की डुलार्टने रंगवलेले, चकाकते चिलखत घातलेल्या मार्सचे एक चित्र आम्स्टरडॅममध्ये रेम्ब्रँटचे म्हणून विकले गेले. चिलखतातला योद्धा, शिष्याचे काम, गुरूच्या नावाने विक्री: सगळे इतके जुळते की बर्लिनचे चित्र डुलार्टच्या पदरात टाकण्याचा मोह होतो. तसे करू नये. हाउब्राकेनने उल्लेखलेले चित्र म्हणजे हेच, असे दाखवणारा दुवा नाही आणि चिलखतातले योद्धे त्या चित्रशाळेतून अनेक निघाले. मात्र या नोंदीतून एक गोष्ट निश्चित कळते: रेम्ब्रँटला जाऊन फार वर्षे झाली नव्हती तेव्हासुद्धा, आणि तेही त्याच्याच शहरात, खरेदीदार फसत होते.

शंकासूर

वरील प्रतिसाद माहितीपूर्ण आहेत, परंतु सर्वांनी निकाल लागल्यासारखे लिहिले आहे, म्हणून विरुद्ध बाजू मांडतो.

न्यूयॉर्कच्या फ्रिक संग्रहातील ‘पोलिश घोडेस्वार’ हे दुसरे योद्धाचित्र घ्या. अठराव्या शतकाच्या अखेरीस ते पोलंडचा राजा स्तानिस्लाव ऑगस्ट याच्याकडे होते. १८९७ साली, म्हणजे बोडे यांनी बर्लिनचे चित्र घेतले त्याच वर्षी, ब्रेडियस यांनी ते टार्नोव्स्की घराण्याच्या जिकूफ येथील गढीत पाहिले आणि रेम्ब्रँटचे ठरवले. १९१०मध्ये हेन्री क्ले फ्रिक यांनी ते विकत घेतले. १९८४ साली संशोधन प्रकल्पातील एक ज्येष्ठ सदस्य योसुआ ब्रॉइन यांनी एका ग्रंथपरीक्षणात, जवळजवळ जाता जाता, हे चित्र ड्रोस्टचे असू शकेल असे सुचवले. त्या एका सूचनेने वर्षानुवर्षे वाद पेटला. पुढे त्याच प्रकल्पाचे सूत्रधार झालेले एर्न्स्ट फान डे वेटरिंग यांनी मत दिले की चित्र मुख्यतः रेम्ब्रँटचेच आहे, काही भाग मात्र दुसऱ्या हाताने पुरे केलेले दिसतात. फ्रिकने पाटी कधीच बदलली नव्हती.

एकाच प्रकल्पातील दोन श्रेष्ठ डोळ्यांनी एकाच घोडेस्वाराबद्दल दोन मते दिली. प्रकल्पाने आरंभी सगळी चित्रे तीन वर्गांत विभागली होती: रेम्ब्रँटची, अनिश्चित, आणि रेम्ब्रँटची नव्हेत. मधला वर्ग अगदी लहान राहिला, याचे मला नेहमी आश्चर्य वाटते. चारशे वर्षांपूर्वीच्या चित्रशाळेविषयी दीर्घिका यांनी जे सांगितले ते खरे असेल, तर मधला वर्ग सर्वांत मोठा असायला हवा होता. १९९३मध्ये ज्येष्ठ सदस्य बाहेर पडले आणि फान डे वेटरिंग यांनी ही वर्गवारीच सोडून दिली, हे सूचक आहे.

म्हणून विचारतो: शिरस्त्राणावरचा जाड रंग रेम्ब्रँटच्या सवयीत बसत नाही, हा पुरावा आहे की फक्त अपेक्षा? आयुष्यभर प्रयोग करणाऱ्या चित्रकाराने एकदा धातूच्या चकाकीचा प्रयोग करून पाहिला आणि त्यासाठी चेहरा मुद्दाम मागे ठेवला, हे अशक्य का मानावे? ‘हे त्याच्यासारखे नाही’ हा युक्तिवाद ‘त्याच्यासारखे काय’ हे आधी ठरवून टाकतो, आणि मग जे बसत नाही ते बाहेर काढल्यामुळे उरलेली चित्रे आणखीच एकसारखी दिसू लागतात.

कोकणकडा

थोडे विषयाच्या कडेने लिहितो. आपल्याकडेही योद्ध्याच्या चित्राविषयी असा शोध झालेला आहे. शिवाजी महाराजांचे म्हणून पूर्वी जे एक चित्र छापले जात असे, ते मुळात दुसऱ्याच व्यक्तीचे आहे हे वा. सी. बेंद्रे यांनी दाखवून दिले आणि डच साधनांतून महाराजांचे चित्र पुढे आणले. रेम्ब्रँटच्याच शतकातल्या डच व्यापाऱ्यांमुळे दख्खनी चित्रे हॉलंडला गेली. आम्स्टरडॅमच्या राइक्स म्युझियममध्ये असलेल्या, गोवळकोंड्याला तयार झालेल्या चित्रसंग्रहात महाराजांचे चित्र आहे. तिथेही चित्रकाराचे नाव माहीत नाही. बर्लिनच्या प्रकरणाशी याची तुलना करता येईल का?

जुना_पारखी

कोकणकडा, अर्धी तुलना करता येईल. बेंद्रे यांच्यापुढचा प्रश्न चित्रात कोण आहे हा होता, आणि गोवळकोंड्याच्या त्या चित्रांत महत्त्व चित्रित व्यक्तीलाच होते. चित्रकाराचे नाव विचारावे असे ती चित्रे मागवणाऱ्यालाही वाटले नसावे. बर्लिनमध्ये याच्या नेमके उलट आहे. तिथे बसलेला म्हातारा कोण याने काही फरक पडत नाही. तो आड्रियान आहे असे उद्या कागदाने सिद्ध झाले, तरी शिष्याने गुरूच्या भावाला समोर बसवून चित्र काढले नसेल कशावरून? दोन्ही प्रश्न एकाच चित्रावर गुंतलेले असू शकतात, याचे उदाहरण ग्लासगोच्या केल्विनग्रोव्ह संग्रहालयात आहे. ‘चिलखतधारी पुरुष’ या तिथल्या चित्रावर रेम्ब्रँटची सही आणि १६५५ हे साल आहे. सिसिलीतील मेसिना येथील डॉन अंतोनिओ रुफो या उमरावाने रेम्ब्रँटकडून अॅरिस्टॉटल, अलेक्झांडर आणि होमर अशी तीन चित्रे घेतली होती. त्यांपैकी अलेक्झांडर म्हणजे ग्लासगोचा हा योद्धा असे काहीजण मानतात, कारण रुफोने अलेक्झांडरचे कापड चार तुकडे जोडून केलेले असल्याची तक्रार केली होती आणि ग्लासगोच्या चित्रालाही जोड आहेत. साल मात्र नीट बसत नाही, कारण अलेक्झांडर १६६१ साली पाठवला गेला. तिथे चित्रकाराबद्दल फारसे दुमत नाही; नायकाबद्दल आहे.

आता शंकासूर यांच्या आक्षेपाबद्दल. वर्तुळाकार युक्तिवादाचा त्यांचा मुद्दा वजनदार आहे आणि प्रकल्पावर तो वारंवार घेतला गेला. म्हणूनच नंतरच्या काळात नजरेखेरीज वेगळ्या दिशेने येणाऱ्या पुराव्यांवर भर वाढला. कॅनव्हासच्या धाग्यांची घनता मोजून दोन चित्रे एकाच ताग्यातून कापली आहेत का, हे पाहता येते. कारिन ख्रून यांनी दाखवले की ‘नाइट वॉच’ या चित्रापासून, म्हणजे १६४२पासून पुढे, रेम्ब्रँटच्या बऱ्याच कॅनव्हासवर बारीक केलेली क्वार्ट्झची वाळू तेलात मिसळून केलेले अस्तर आढळते आणि इतर चित्रकारांकडे ते जवळजवळ आढळत नाही. असे अस्तर मिळाले, तर चित्र त्या घरात तयार झाले हे पक्के होते. पण बघा, इथेही आपण घराच्या दारापर्यंतच पोहोचतो. आत कुंचला कोणाच्या हातात होता, हे अस्तर सांगत नाही. अणुरेणू यांनी न्यूट्रॉनविषयी जे म्हटले तेच इथे लागू पडते.

‘पोलिश घोडेस्वार’ आणि बर्लिनचे चित्र यांना मात्र एका तराजूत घालणे मला मान्य नाही. घोडेस्वाराच्या बाबतीत ब्रॉइन यांची सूचना कधीच सर्वमान्य झाली नव्हती आणि चेहऱ्यातील सामर्थ्य विरोधकांनाही नाकारता आले नाही. बर्लिनच्या बाबतीत उलट घडले. फान डे वेटरिंग यांनी २०१४ साली काढलेल्या, प्रकल्पाच्या ग्रंथमालेच्या अखेरच्या खंडात पूर्वी नाकारलेली सुमारे ७० चित्रे पुन्हा रेम्ब्रँटच्या नावावर जमा केली. म्हणजे शंकासूर यांना अपेक्षित असलेला उदारपणा त्यांनी भरपूर दाखवला. त्या ७०मध्ये सोनेरी शिरस्त्राण नाही. ज्या माणसाने जुन्या सहकाऱ्यांचे इतके निर्णय फिरवले, त्याने हा फिरवला नाही, याला माझ्या लेखी महत्त्व आहे.

शंकासूर

अखेरच्या खंडाचा दाखला मी गंभीरपणे घेतो. तरीही माझा आक्षेप पाटीवर आहे. ‘रेम्ब्रँटच्या परिघातील’ असे लिहिले की चित्राची किंमत अजूनही दुसऱ्याच्या नावावरून ठरते. इटालियन कलेत नाव माहीत नसलेल्या समर्थ चित्रकाराला त्याच्या प्रमुख कृतीवरून ‘अमुक चित्राचा गुरू’ अशी स्वतंत्र ओळख देतात आणि मग त्याच हाताची आणखी चित्रे शोधतात. ‘सोनेरी शिरस्त्राणाचा चित्रकार’ असे म्हणून त्याचा माग काढायला काय हरकत आहे?

दीर्घिका

हरकत तत्त्वतः नाही, पण अशी ओळख उभी राहण्यासाठी एकाच हाताची निदान दोन-तीन चित्रे एकत्र दिसावी लागतात. शिरस्त्राणावरची ती रंगाची घडण इतक्या टोकाची आहे की तिला जोड मिळत नाही, आणि चेहरा इतका संयत की तो चित्रशाळेतील कोणाचाही असू शकेल. ज्या भागात चित्रकार सर्वांत वेगळा आहे, नेमका तोच भाग तुलनेसाठी निरुपयोगी ठरतो.

किमतीबद्दलचे आपले म्हणणे मात्र पटते. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस बर्लिनची चित्रे मेर्कर्सच्या मिठाच्या खाणीत सापडली. त्यांपैकी २०२ निवडक चित्रे अमेरिकेत नेऊन १९४८ साली दाखवली गेली आणि लोकांनी प्रचंड रांगा लावल्या. त्या निवडीत हा योद्धा होता. जर्मनीत त्याच्या छापील प्रती घरोघरी टांगलेल्या असत. १९८५नंतर त्याच्यासमोरची गर्दी ओसरली, जरी कॅनव्हासवरचा एक ठिपकाही बदललेला नव्हता.

वाटसरू_पुणे

सर्वांचे आभार. पुढच्या वेळी बर्लिनला जाणे झाले, तर तुलना करण्यासाठी त्याच संग्रहालयात आणखी काय पाहावे?

जुना_पारखी

रेम्ब्रँटचे १६४७चे ‘सुसाना’ अवश्य पाहावे. त्याच्या श्रेयाबद्दल शंका नाही, परंतु २०१५मध्ये संग्रहालयाने जाहीर केले की त्याचे बरेच भाग अठराव्या शतकात इंग्लिश चित्रकार जोशुआ रेनॉल्ड्स यांनी पुन्हा रंगवलेले आहेत. चित्र तेव्हा त्यांच्याच मालकीचे होते. सुसानाच्या अंगावरचा रंग आणि भोवतालची पार्श्वभूमी आळीपाळीने पाहावी, आणि मग योद्ध्याकडे यावे. तिथे आधी शिरस्त्राण हाताने झाकून फक्त चेहरा पाहावा, त्यानंतर चेहरा झाकून शिरस्त्राण. रखवालदार जरा संशयाने बघतील, पण चित्राला हात लागत नसेल तर ते काही म्हणत नाहीत.